फादर दिब्रिटो यांचे गद्य आणि आपले ‘असूनही’

एका कबुलीने आरंभ करतो. सन २०१९ च्या सप्टेंबरात, उस्मानाबाद येथे भरणाऱ्या ९३ व्या अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलनाच्या अध्यक्षपदी फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांची निवड झाल्याचे वृत्त आले. लहरीपुरा दरवाजाजवळच्या आमच्या जुन्या घराच्या ओट्यावर संध्याकाळी जी चार वडीलधारी मंडळी जमतात, त्यांच्यात त्या दिवशी हाच विषय होता. तेथे मी मोठ्या उदारपणाने म्हणालो, “निवड उत्तम झाली. ख्रिस्ती असूनही किती सुंदर मराठी लिहितात!” सर्वांनी माना डोलावल्या. मलाही आपण काही भले बोललो असे वाटले.

पुढच्याच महिन्यात पुण्यास एका लग्नकार्यात व्याह्यांच्या बाजूच्या एका गृहस्थांनी माझी चौकशी केली आणि तितक्याच उदारपणाने उद्गारले, “बडोद्याचे असूनही तुमचे मराठी अगदी स्वच्छ आहे हो!” मी हसून वेळ मारून नेली. जेवताना मात्र घास घशाखाली उतरेना. आपल्या घराण्याची सातवी पिढी बडोद्यात मराठी बोलते, तरी आपल्या मराठीला अजून ‘असूनही’ लागते, हे मनाला लागले. परतीच्या गाडीत माझाच ओट्यावरचा शब्द मला आठवला. त्यानंतर मी दिब्रिटोंची पुस्तके नव्याने वाचावयास घेतली. त्यापूर्वी ती एका परधर्मीय सज्जनाची पुस्तके म्हणून वाचली होती. प्रस्तुत टिपण त्या दुसऱ्या वाचनाचे आहे.

ज्यांना त्यांचा परिचय नसेल त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. फादर दिब्रिटो यांचा जन्म १९४२ चा, वसई तालुक्यातील नंदाखाल या गावचा. कॅथलिक धर्मगुरू म्हणून दीक्षा घेतल्यानंतर १९८३ ते २००७ अशी दोन तपे त्यांनी ‘सुवार्ता’ या मासिकाचे संपादन केले आणि चर्चच्या या मासिकाला मराठी वाङ्मयीन जगात मानाचे स्थान मिळवून दिले. ‘तेजाची पाऊले’, ‘सृजनाचा मोहोर’, ‘ओॲसिसच्या शोधात’, ‘संघर्षयात्रा ख्रिस्तभूमीची’, मदर तेरेसांवरील ‘आनंदाचे अंतरंग’, आत्मकथन ‘नाही मी एकला’ आणि या सर्वांहून मोठा प्रकल्प म्हणजे ‘सुबोध बायबल’, ही त्यांची ग्रंथसंपदा. २५ जुलै २०२४ रोजी ते निवर्तले.

वसई आणि बडोदे यांचा संबंध काय, असे कोणी विचारील. आपल्यापैकी बहुतेकांचा संबंध आगगाडीच्या खिडकीइतकाच. मुंबईस जाताना विरार आले की सामानाची आवराआवर सुरू होते, नालासोपारा आणि वसई रोड मागे पडतात आणि खाडीवरच्या पुलाचा खडखडाट झाला की मुंबई आली म्हणावयाचे. नोकरीच्या काळात कोर्टकचेरीच्या कामासाठी मी तो प्रवास अगणित वेळा केला; वसईस एकदाही उतरलो नाही. तेथून कोणी वसईची सुकेळी आणून दिली, की तेवढ्यापुरते गावाचे नाव तोंडी येई.

इतिहास मात्र याहून जवळचा आहे. १७३४ मध्ये दमाजीराव गायकवाडांनी बडोदे कायमचे हाती घेतले आणि १७३९ मध्ये चिमाजी अप्पांनी पोर्तुगीजांकडून वसई जिंकली. मधे अंतर पाच वर्षांचे. मराठी सत्तेची एकच लाट उत्तरेस आपल्या पूर्वजांना फडणीस, कारकून, शिलेदार म्हणून गुजराथेत घेऊन आली आणि दक्षिणेस वसईच्या ख्रिस्ती शेतकऱ्यांच्या दारावरून गेली. तेथील चर्चच्या घंटा विजयचिन्हे म्हणून देशावरच्या देवळांत गेल्या. नाशिकच्या नारोशंकराच्या देवळातील घंटा त्यांपैकीच. पोर्तुगीज निघून गेले, त्यांचे राज्य गेले, संरक्षण गेले. परंतु ही माणसे आपल्या जमिनीवर, आपल्या श्रद्धेत आणि आपल्या भाषेत राहिली. आपण विजेत्यांबरोबर आलो म्हणून आपली मराठी दरबारची झाली. त्यांची मराठी मळ्यातली राहिली. दोनशे ऐंशी वर्षांनंतर ‘तुम्ही खरे मराठी आहात काय’ हा प्रश्न दोघांनाही विचारला जातो, ही मौजच म्हणावयाची.

दिब्रिटोंच्या परिसरातील घरची बोली सामवेदी, जिला कादोडी असेही म्हणतात. शाळेची मराठी निराळी आणि चर्चची भाषा तर लॅटिन. १९६२ ते १९६५ या काळात भरलेल्या दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने लोकभाषांना उपासनेत स्थान दिले आणि मग वेदीवरून मराठी ऐकू येऊ लागली. म्हणजे ज्या तरुणांनी त्या दशकात धर्मगुरूचे शिक्षण घेतले, त्यांच्यासमोर एक विलक्षण काम होते. प्रार्थनेची, सांत्वनाची, लग्नाची आणि मृत्यूची भाषा त्यांना मराठीत घडवावयाची होती. घरची बोली जवळची, पण तिच्यात ग्रंथ नाहीत. ग्रंथांची मराठी भारदस्त, पण ती आईच्या तोंडची नाही. दिब्रिटोंच्या गद्याचा जो एक सरळ, सावकाश, प्रत्येक शब्द पुसून ठेवल्यासारखा डौल आहे, त्याचे मूळ मला येथे दिसते. ज्याने प्रमाण मराठी कष्टाने मिळवली, तो ती उधळीत नाही. आपल्या घरातून ‘मला फावेल’, ‘बरोबर ने?’ असे शब्द सहज निघतात, पुण्याचे पाहुणे हसतात आणि मग आपण कागदावर जरा जास्तच संस्कृतप्रचुर लिहितो. त्यांनी ही दुसरी वाट घेतली नाही.

‘सुबोध बायबल’ २०१० मध्ये राजहंस प्रकाशनाने प्रसिद्ध केले. त्यामागे अनेक वर्षांचा व्यासंग आहे. मराठी बायबल नवे नव्हे. विल्यम कॅरीने श्रीरामपूरच्या छापखान्यातून १८०५ मध्ये मत्तयाचे शुभवर्तमान छापले होते; पंडिता रमाबाईंनी आयुष्याची अखेरची वर्षे मूळ भाषांवरून स्वतंत्र भाषांतर करण्यात वेचली. तथापि ही भाषांतरे ज्यांच्यासाठी झाली त्यांच्यापलीकडे फारशी गेली नाहीत. सर्वसामान्य मराठी वाचकाला बायबलची मराठी ऐकली की ती कोणी पादरी बोलतो आहे असेच वाटे. दिब्रिटोंनी प्रस्तावना आणि टिपा जोडून, काळ व भूगोल समजावून देऊन, हा ग्रंथ आपल्या कपाटात ज्ञानेश्वरीशेजारी ठेवता येईल असा केला. ‘सुबोध’ हे विशेषण त्यांनी जाणूनबुजून निवडले असणार, कारण सुबोध आवृत्ती आपण आपल्याच ग्रंथाची काढतो.

महसूल खात्यात हयात गेलेल्या माणसाला ख्रिस्ती मराठी वाचताना एक गंमत वाटते, ती सांगितल्याशिवाय राहवत नाही. या भाषेतील मोठमोठे शब्द आमच्या दप्तरातले आहेत. जुना करार आणि नवा करार. आम्ही करार म्हटले की मुद्रांक, दोन पंच आणि अंगठा पाहतो. येथे परमेश्वर आणि माणूस हे दोन पक्षकार. तारण हा तर त्याहून मजेदार शब्द. आमच्याकडे जमीन तारण ठेवतात, तिच्यावर बोजा चढतो, तो फिटला की नोंद रद्द होते. ख्रिस्ती मराठीत तारण म्हणजे उद्धार, मुक्ती. संस्कृताच्या दृष्टीने हा दुसरा अर्थच मूळचा, तारून नेणारे ते तारण. सावकाराने तो आपल्याकडे ओढून घेतला. साक्ष हा शब्दही तसाच. लहरीपुऱ्यासमोरच्या न्यायमंदिरात कोर्ट होते तोवर मी तेथे शेकडो साक्षी ऐकल्या, क्वचित स्वतः दिल्या. आता कोर्ट तेथून हलले आहे. साक्ष द्यावयाची म्हणजे पाहिले तेवढेच सांगावयाचे, ऐकीव सांगावयाचे नाही, हा नियम आम्हांस पाठ होता. ख्रिस्ती परंपरेत ‘साक्ष’ म्हणजे स्वतःच्या जगण्याने दिलेली जबानी. आणि शेवटी जकातदार! मत्तय हा जकातनाक्यावर बसणारा माणूस, येशूने त्याला तेथून उठवून आपला शिष्य केले. आयुष्यभर वसुलीची उद्दिष्टे गाठणाऱ्या माझ्यासारख्यास ही कथा वाचताना थोडे अवघडल्यासारखे होते आणि थोडा धीरही येतो.

ही सगळी विनोदाची बाब नव्हे. दिब्रिटोंच्या निबंधांतील श्रद्धा अशीच व्यवहाराच्या शब्दांतून चालते. ईश्वर म्हणजे काय यावर ते फार वेळ थांबत नाहीत. शेजाऱ्याची विहीर, बाजारात बसणारी भाजीवाली, परगावी नोकरीस गेलेला मुलगा, शेत विकून आलेला पैसा अशा गोष्टींपाशी ते थांबतात. १९८० च्या दशकाच्या अखेरीस वसई-विरारच्या पट्ट्यात बांधकामांना मोकळे रान मिळाले. केळीच्या वाड्या उठल्या, इमारती उभ्या राहिल्या, त्या इमारतींना पाणी नव्हते म्हणून शेतांतील विहिरींवर टँकर लागले, आणि समुद्राजवळच्या जमिनीत गोडे पाणी बेसुमार उपसले की खारे पाणी आत शिरते, हे ज्यांना पिढ्यान्‌पिढ्या ठाऊक होते ते शेतकरी हवालदिल झाले. हरित वसई संरक्षण समितीच्या चळवळीत हा धर्मगुरू पुढे उभा राहिला. झुंडशाहीला न जुमानता त्यांनी मोर्चे काढले, लेख लिहिले. ‘धर्मगुरूने पाण्याच्या टँकरमध्ये का पडावे?’ असे त्यांना विचारणारे थोडे नव्हते. त्यांच्या लेखनातील उत्तर साधे आहे. ज्या विहिरीचे पाणी पिऊन माणूस प्रार्थनेस येतो, ती विहीर खारी होत असताना प्रार्थना तेवढी गोड कशी राहील?

येथे त्यांचे गद्य सर्वोत्तम आहे, असे माझे मत आहे. गावचा माणूस बोलत असतो, त्याला तपशील माहीत असतो, आणि तपशील माहीत असला की उपदेशाची गरज उरत नाही. मी जमीन महसुलाचे नमुने भरण्यात वर्षे घालवली. बिनशेती परवानगीच्या एका सहीने काय काय बदलते हे मला ठाऊक असावयास हवे होते. तरीही वाडी जाते तेव्हा तिच्याबरोबर शब्द जातात, सण जातात, बायकांची लग्नातली गाणी जातात, ही नोंद कोणत्याही नमुन्यात करावयाची सोय नव्हती. ती मला या लेखकाने दाखविली. नऊवारी लुगडे नेसून चर्चमध्ये जाणाऱ्या वसईच्या म्हाताऱ्या आणि आपल्या खंडेराव मार्केटात भाजी घेणाऱ्या आपल्या आज्या यांच्यात अंतर किती कमी होते, हेही.

आता त्यांच्या उण्या बाजूकडे वळतो. ती टाळून केलेली स्तुती त्यांनाही आवडली नसती. वसईची माती सुटली की दिब्रिटोंचे गद्य पुष्कळदा प्रवचनाकडे झुकते. मासिकातील सदराची ठरावीक लांबी असते. त्या लांबीत एक प्रसंग, एक संतवचन, एक थोर नाव आणि शेवटी प्रसन्न करणारा विचार अशी घडी बसते. असे पाच लेख एका बैठकीत वाचले की सहावा लेख कोठे पोचणार हे वाचकाला आधीच कळते. संघर्ष बाहेरचा असतो तेव्हा ते कणखर आहेत. संघर्ष आतला असतो तेव्हा ते घाई करतात. शंकेचा मुक्काम त्यांच्या पानांवर फार थोडा. चांगुलपणावर त्यांचा इतका विश्वास आहे की दुष्टपणा समजून घेण्यास ते पुरेसा वेळ देत नाहीत.

याचे एक कारण मला रेव्हरंड टिळकांची आठवण होऊन सुचले. नारायण वामन टिळकांना बायबल मिळाले ते आगगाडीत, १८९३ साली नागपूरहून राजनांदगावी जाताना, एका अनोळखी गोऱ्या सहप्रवाशाकडून. १० फेब्रुवारी १८९५ रोजी मुंबईत त्यांनी बाप्तिस्मा घेतला. ओवी, अभंग, कीर्तन ही सारी शिदोरी घेऊनच ते ख्रिस्ताकडे गेले, आणि तुकारामाच्या पुलावरून गेलो असे म्हणण्यात त्यांना संकोच वाटला नाही. त्यापूर्वी तीन शतके फादर स्टीफन्स या इंग्रज धर्मगुरूने गोव्यात मराठी ओवीत ‘क्रिस्तपुराण’ रचले आणि १६१६ मध्ये ते रोमन लिपीत छापले, हे आपण जाणतोच. (जाता जाता बडोद्याचा एक धागा: जळगावच्या १९०७ च्या कविसंमेलनात ज्या ठोंबरे नावाच्या पोरसवदा कवीला अध्यक्ष डॉ. कान्होबा रणछोडदास कीर्तिकरांनी ‘बालकवी’ ही पदवी दिली, त्याला टिळकांनी पुढे नगरला आपल्या घरी आश्रय दिला. आणि हेच कीर्तिकर १९०९ मध्ये आपल्या बडोद्याच्या साहित्य संमेलनाचे अध्यक्ष होते.) असो. सांगावयाचे ते हे की टिळकांचे दैनंदिन जीवन आपल्याला टिळकांनी सांगितलेले नाही. ते लक्ष्मीबाईंनी सांगितले. ‘स्मृतिचित्रे’ वाचताना टिळक संतापतात, पैशाचा हिशेब विसरतात, घरातले दुसऱ्याला देऊन टाकतात, लगेच पाघळतात, आणि सोवळ्याओवळ्यात वाढलेली ही बाई पाच वर्षे दूर राहून, स्वतःशी भांडून, सगळे तपासून मगच त्यांच्या धर्मात येते. श्रद्धेची एवढी कठोर आणि एवढी हसरी साक्ष मराठीत दुसरी नसेल. दिब्रिटो हे कॅथलिक धर्मगुरू, अविवाहित. त्यांच्या घरात त्यांच्यावर हसणारे कोणी नव्हते. आपली साक्ष त्यांची त्यांनाच द्यावी लागली. ‘नाही मी एकला’ हे शीर्षक त्यांनी मोठ्या कृतज्ञतेने दिले असेल. परंतु ते आत्मकथन वाचताना मला वारंवार वाटले की येथे एखादी लक्ष्मीबाई हवी होती, जिने या भल्या माणसाची फिरकी घेतली असती.

आपल्याकडच्या वाचकांस दुसरी तुलना अधिक जवळची वाटेल. फादर वालेस यांचे गुजराती निबंध आपल्या पिढीने वर्तमानपत्रांतून वाचले. स्पेनमध्ये जन्मलेला हा गणिताचा प्राध्यापक अहमदाबादेस झेवियर कॉलेजात शिकवी, पोळांतून घरोघर पाहुणा म्हणून राही आणि गुजराथ्यांना त्यांच्याच घरातले त्यांना न दिसलेले दाखवी. १९७८ मध्ये रणजितराम सुवर्णचंद्रक त्यांना मिळाला तेव्हा साऱ्या गुजराथने आनंद मानला. २०२० मध्ये ते माद्रिदला वारले तेव्हा येथे शोक झाला. वालेस यांचे गद्य दिब्रिटोंहून चपळ आहे, मिस्किल आहे. मला वाटते पाहुण्याला हे साधते. पाहुणा कौतुक करतो, चिमटा काढतो आणि उठून जातो. त्याच्या भाषेचे सर्वांना अप्रूप असते, त्याच्याकडे कोणी सातबारा मागत नाही. दिब्रिटो पाहुणे नव्हते. ते घरचे होते, आणि घरच्या माणसाला घर आपलेच असल्याचे पुरावे द्यावे लागावेत यासारखी दुसरी शिक्षा नाही. परदेशी धर्मगुरू गुजराती लिहितो याचा आपण उत्सव केला आणि वसईच्या शेतकऱ्याचा मुलगा मराठी संमेलनाचा अध्यक्ष होतो याला मात्र विरोध झाला.

तो विरोध सर्वांस स्मरत असेल. निवड जाहीर होताच धमकीचे फोन आले. अध्यक्ष धर्मगुरू आहे, तो धर्मप्रचार करील, अशी भीती घातली गेली. जानेवारी २०२० मध्ये उस्मानाबादेस, म्हणजे आजच्या धाराशिवास, पाठीच्या दुखण्याने जर्जर झालेले दिब्रिटो संमेलनास आले. संत गोरा कुंभारांचे तेर त्याच जिल्ह्यात. तेथील व्यासपीठावरून त्यांनी संतांविषयी, शेतकऱ्यांविषयी, पर्यावरणाविषयी, मराठी शाळांविषयी आणि विचारस्वातंत्र्याविषयी सांगितले. धर्मप्रचार कोणास ऐकू आला नाही. त्या भाषणाची वाङ्मयीन चिकित्सा मी येथे करीत नाही. त्यात नवे फार नव्हते, आणि तशा अवस्थेतील माणसाकडून ते मागणेही बरे नव्हे. मात्र आपण मराठी आहोत हे त्यांनी तेथे सिद्ध करीत बसण्यात वेळ घालविला नाही, गृहीत धरले. मला ते भाषणातील सर्वांत धीट स्थान वाटते.

आपण बडोद्याच्या लोकांनी ते गृहीत धरणे हळूहळू सोडले आहे. १९०९, १९२१, १९३४ आणि २०१८ अशी चार संमेलने या नगरीत झाली, याचा उल्लेख आपल्या प्रत्येक कार्यक्रमात होतो, आणि तो करणाऱ्याचे नातू समोर बसून इंग्रजीत कुजबुजत असतात. माझेही त्यांत आहेत. मराठी ही आपण वारशाची वस्तू म्हणून जपली; चांदीची भांडी जशी दिवाळीला काढून पुसतात तशी. वसईच्या त्या लोकांजवळ दरबार नव्हता, चांदी नव्हती. त्यांनी मराठीला प्रार्थनेला लावले, भाजी विकायला लावले, मोर्च्याला लावले. जी भाषा रोजच्या कामाला लागते तिची धार जात नाही, हे मला ठाऊक नव्हते असे नाही. दिब्रिटोंची पुस्तके वाचताना त्याचा पुरावा हाती आला इतकेच.

ज्या वाचनालयातून मी ‘तेजाची पाऊले’ आणले, तेथे ते ‘इतर धर्म’ अशी चिठ्ठी लावलेल्या कपाटात होते. पुस्तक परत करताना मी ग्रंथपालबाईंना विनंती केली की हे ललित गद्याच्या कपाटात, दुर्गाबाई आणि इरावतीबाईंच्या रांगेत ठेवावे. त्यांनी चष्म्यावरून पाहिले, “नोंदवहीत बदल करावा लागेल,” म्हणाल्या, आणि केला. आता ते दुसऱ्या खणात उजवीकडे आहे. मी परवा पाहिले तेव्हा कोणी तरी वाचावयास नेले होते.